एकेकीची चौकशी

कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर ती बावीस वर्षं उभी होती. सगळे तिला थोरली म्हणत. तिने चादर आत सोडायची आणि पलीकडून लांबीने ओढून घ्यायची. लांबी म्हणजे तिची जोडीदारीण, ताडमाड उंच.

एका सकाळी रोलरचा पट्टा जळाला आणि संरक्षक जाळी काढलेली सापडली. काम लवकर उरकावं म्हणून मुकादमाच्याच सांगण्यावरून दोघींनी ती काढली होती. मुकादमाने कानांवर हात ठेवले. मॅनेजरने दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

"तिचं नाव घेतलंस आणि ती गप्प राहिली, तर तू सुटलीस, ती कायमची घरी. दोघी गप्प राहिलात तर तीन-तीन दिवस घरी. दोघींनी नावं घेतलीत तर महिना-महिना. तिलाही हेच सांगितलंय."

थोरलीने लांबीचं नाव घेतलं. लांबीनेही तिचं घेतलं.

"केसाने गळा कापला मेलीने," थोरली घरी भांडी आपटत होती. गणित शिकणाऱ्या भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर चार चौकोन आखले.

"मावशी, लांबी गप्प बसली असती तर तुला काय फायद्याचं होतं?"

"तिचं नाव घेणं."

"आणि तिने तुझं घेतलं तर?"

"तरी तेच. नाहीतर मी कायमची घरी."

"म्हणजे ती काहीही करो, तुला नाव घेणंच बरं. हा वरचढ डाव. तिचाही तोच. मग दोघी या कोपऱ्यात येता, आणि इथून एकटीने डाव बदलला तर तिचंच नुकसान. म्हणून कोणी हलत नाही. याला समतोल म्हणतात."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोघींचं वाटोळं झालं, आणि म्हणे समतोल."

"समतोल म्हणजे चांगलं असं नाही गं. नुसतं अडकलेलं."

"आणि हे चौकोन आखले कोणी? त्या मॅनेजरने. मी मात्र लांबीच्या नावाने बोटं मोडत बसले."

ती तडक लांबीच्या दारात गेली. लांबीने आधी तिलाच फैलावर घेतलं. थोरलीनेही काही बाकी ठेवलं नाही. दोघींचे घसे बसले, तेव्हा कुठे तिने तो कागद पुढे केला.

महिन्याने कामावर परतल्यावर दोघींनी बाकीच्या अकरा जणींच्या गळी एकच गोष्ट उतरवली: एकटीने त्या खोलीत जायचं नाही. लवकरच चादरी करपल्या आणि मॅनेजरने एकीला बोलावलं. दारात तेराजणी उभ्या राहिल्या.

"एकेक या," तो म्हणाला.

"विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारा," थोरली म्हणाली. "मुकादमालाही बोलवा. आच वाढवायला त्यानेच सांगितलं."

तेराजणींच्या तोंडावर मुकादमाला नाही म्हणता आलं नाही. कोणी घरी बसलं नाही. मॅनेजरने मात्र डूख धरला आणि थोरलीला रोलरवरून काढून घड्या घालायच्या टेबलावर टाकलं.

डबा खायला ती आणि लांबी अजून शेजारी बसतात. त्या महिन्याचा विषय निघाला की दोघींचा आवाज चढतो. माफी कोणीच मागितलेली नाही.