समाधानकारक साडभाऊ

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा गोंदियाकडे तलाव गेले, जंगलं गेली, दोन-चार चांगले साहेबसुद्धा गेले. पण माझा तुमसरचा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, काही कोणी मागून नेला नाही, आणि माझ्या सगळ्या दुःखांचं मूळ तेच. असा आगाऊ माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही. त्याच्या राइस मिलच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्याला अशी सवय, की तो तुमसरात शिंकला तर भंडाऱ्यात माझ्या दुकानातले पितळी हंडे झणझणतात. बरं, माझ्या घरी आला की त्याला सायीचा चहा. मला त्याच पातेल्याचं धुवण.

माझी चिमी उशिरा बोलायला लागली. शाळेत तिच्यासारख्या मुलांसाठी विशेष शिक्षिका येतात, बोलण्याचा सराव घेतात, आणि मधूनमधून आम्हा आईबापांना बोलावून प्रगती सांगतात. बाई मायाळू, पण त्यांच्या तोंडून ‘उद्दिष्ट’, ‘निष्पत्ती’ असे शब्द सुटले की आम्ही सारे पालक नंदीबैलासारख्या माना हलवायचो. एकदा बायकोनं साडभाऊला सोबत आणलं. त्यानं पहिल्याच बैठकीत आमच्याकडे तोंड फिरवलं. "उद्दिष्ट म्हंजे धानाच्या वावरातली बांधानं अडवलेली बांधी समजा जी. सारं वावर एकाच दिवशी भिजते का? पयली बांधी भरली का पाणी दुसरीत उतरते. आपल्या लेकराची कोणती भरली, कोणती रायली, तेवढंच इचारा." झालं! तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी बाया एकमेकींना विचारतात, "तुया लेकराची बांधी भरली का वो?" खुद्द बाईही बांध्याच मोजतात. चिमीच्या मावशीचा नवरा म्हणून तो साऱ्यांचाच मावसाजी झाला. आणि मी कोण? तर ‘त्या मावसाजींच्या चिमीचे वडील’.

पुढच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "चिमीची प्रगती समाधानकारक आहे. आता वरचे साहेब तिचा सरावाचा तास बंद करायचं म्हणतात." समाधानकारक ऐकून मी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला.

"बस बाबू!" साडभाऊ गरजला. "बाई, समाधान कोणाले झालं? कागदाले का पोरीले?"

बाईंना हसू फुटलं. "अहो मावसाजी, एकेक शब्द बोलायचं ठरलं होतं. बोलते ती."

"एका शब्दात पाणी मागन. पोटात कुठं दुखते, कवापासून दुखते, हे कोणत्या एका शब्दात सांगन?"

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी वर कळवून तास टिकवला आणि नवी बांधी आखली: तीन शब्द जोडून बोलणे. घरी येताना बायकोनं साडभाऊकडे जसं पाहिलं, तसं माझ्याकडे लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं.

मग धानाचा हंगाम लागला, साडभाऊ मिलमध्ये अडकला, आणि मी पोटभर सुखावलो. अशात एका संध्याकाळी चिमी दारात उभी राहून म्हणाली, "मावसाजी कवा येते?"

सलग. स्वच्छ. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, पण माझ्या आसवांना जरा फोडणी होती. रोज सायकलवर बसवून नेतो मी, आणि वाक्यात हा!

तरी फोन लावला. सांगितलं. तिकडे त्यानं आधी मिल बंद करवली. देवानं त्याचं घर लेकराविनाच ठेवलेलं. मग तो इतकं हळू बोलला, की मला फोन कानात खुपसावा लागला.

"मायं नाव घेतलं, बाबू?"

"हो ना भाऊजी."

"अन् तुयं?"

"मायं का, रोजच घेते," मी ठोकून दिलं, आणि चिमीला कडेवर घेऊन फोन तिच्या कानाला लावला.