पूर्ण खेळलेली फायनल

नाजिमाला हरायची सवय होती, आवड नव्हती. विश्रांतवाडीच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका. वय चाळिशीला टेकलेलं. तिचे वडील दादामियाँ जन्मभर एका जुन्या टेनिस क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे सभासद साहेबांबरोबर खेळायचं, घाम गाळायचा आणि शेवटी अदबीनं हरायचं. हॉलमधला विजेत्यांचा लाकडी फलक पुसायचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्या फलकावर आपल्या घरातलं एक तरी नाव लागावं, या हट्टापायी नाजिमा दरवर्षी क्लबाच्या हिरवळीवरच्या स्पर्धेत उतरायची आणि दरवर्षी कुणीतरी कोवळी पोर तिला घरी पाठवायची.

यंदा मात्र ती फायनलला पोचली. समोर कोथरूडची स्वराली, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, वयानं निम्मी. पहिला सेट तिनं हसत हसत खिशात घातला. दुसऱ्यात ओलसर गवतावर तिचा पाय सटकला, गुडघा फिरला आणि ती किंचाळून खाली बसली.

"सोडतेस का, बाळ?" पंचांनी विचारलं.

स्वरालीनं सोडलं तर चषक नाजिमालाच मिळणार होता. पण या क्लबाची रीत न्यारी: फायनल अर्धवट राहिली, तर फलकावर त्या सालापुढे नाव नाही, नुसती रेघ.

नाजिमा धावत पलीकडे गेली. स्वरालीला हात देऊन उठवलं, पाठ थोपटली. "सोडू नकोस गं. जन्मभर रुखरुख लागेल. माझं ऐक, जमेल तुला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठ्या मनाची बाई!

मग या मोठ्या मनाच्या बाईनं एक चेंडू जाळ्यालगत अलगद टाकला, पुढचा थेट मागच्या रेषेवर, पुन्हा जाळ्यालगत. गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, वाकावंच लागतं. पोर ओठ चावत, लंगडत धावत राहिली. सगळं नियमाला धरून. बोट ठेवायला जागा नाही. उरलेले दोन्ही सेट नाजिमाचे.

सोनेरी अक्षरांत नाव लागलं, तेव्हा ती वडिलांना दाखवायला घेऊन गेली. त्यांनी सामना पाहिला होता.

"छान रंगवलंय," ते म्हणाले. "मी साहेबांसमोर मुद्दाम हरायचो, त्याची फार लाज वाटायची. आता तेवढी वाटत नाही."

पुढं काही दिवसांनी स्वराली कुबड्या घेऊन शाळेत आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी टेनिस विसरायला सांगितलं होतं.

"पण ताई, तुम्ही धीर दिलात म्हणून मॅच पूर्ण केली. तेवढंच समाधान. थँक्स म्हणायला आले."

ती पाया पडायला वाकली, पण गुडघा वाकेना. खरं काय ते सांगून टाकावं, असं नाजिमाला वाटलं. शब्द ओठांवर आलेही होते.

"राहू दे गं," एवढंच ती म्हणाली आणि नमस्कार घेतला.