शर्यतीचे टायर आणि मांजरसुंब्याचे मामा

मांजरसुंब्याच्या चौकात टायरचं दुकान चालवणारे मामा गिऱ्हाइकाला रामराम घालत नसत. गाडी थांबली की थेट चाकापाशी उकिडवे बसायचे, टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालायचे आणि खाच उरली नसेल तर मालकाच्या पायाजवळ थुंकायचे. "ह्याच्यावर लेकरं बसवता व्हय तुमी?" हे ते जीपवाल्यालाही ऐकवायचे आणि मोठ्या मोटारीतून उतरणाऱ्यालाही.

मी सहकारी साखर कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कारखान्याच्या गाड्यांचे टायर मामांकडूनच यायचे, त्यामुळे त्यांच्या बाकड्यावर माझं बसणं नेहमीचंच. मामांना सगळ्यांचा वीट आलेला असे. गुळगुळीत टायरवर वऱ्हाड कोंबून नेणाऱ्यांचा, झिजलेल्या टायरला नव्या खाचा कोरून विकणाऱ्यांचा आणि ते माहीत असून घेणाऱ्यांचा तर फारच. "रबर खोटं बोलत न्हाई, माणसं बोलतेत," म्हणायचे.

त्या साली लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि गावोगाव टँकर फिरत होते. अशा दिवसांत चेअरमनच्या मुलाने, भैय्यासाहेबांनी, जमिनीला टेकलेली पिवळी स्पोर्ट्स कार आणली. केज ते बीड रोजची ये-जा त्याच गाडीने. टँकरच्या रांगेतल्या बायका तोंडावर पदर धरून तिची धूळ सोसायच्या. मला किळस यायची. तरी भैय्यासाहेब दिसले की माझे हात आपोआप जोडले जायचे.

एक दिवस ते मला घेऊन मामांकडे आले. त्यांना शर्यतीच्या मैदानावर वापरतात ते टायर हवे होते. मोबाइलवर फोटो दाखवला.

"टायर लई चांगला हाय," मामा म्हणाले. "पण मैदानावर. ह्याचं रबर मऊ. तापलं की रस्त्याला गोचिडासारखं चिकटतं, थंड असलं की धरत न्हाई. अन् खाचा बघा, नावाला. खाली पाणी आलं तर त्यानं जायाचं कुठून?"

"पाणी?" भैय्यासाहेब हसले. "मामा, बीड जिल्ह्यात पाणी कुठंय?"

मीही हसलो.

मामा हसले नाहीत. "गाडी रोज चालवायची का शर्यतीला न्यायची, ते आधी ठरवा. रोजची असंल तर खोल खाचेचा घ्या, तसलेबी पळणारे मिळतेत. वळणावर जरा कमी धरंल, पण ओल्यात अन् खड्ड्यात दगा द्यायचा न्हाई. मैदानाची हौसच असंल तर ते दुसऱ्या रिंगांवर चढवून ठिवा, अन् मैदानावरच घाला."

"तुम्ही बसवता की नाही, तेवढं सांगा."

"मी न्हाई बसवणार."

भैय्यासाहेबांनी पुण्याहून तेच टायर बसवून आणले.

तीन आठवड्यांनी एका सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून बीडला निघालो होतो. उतारावर आमच्या पुढे एक गळका टँकर होता. रस्ताभर पाणी आणि त्यात धुळीचा चिखल. वळणावर ब्रेक लागला आणि गाडी साबणाच्या वडीसारखी सरकली. कडेने मेंढरं चालली होती. सात मेंढ्या मेल्या आणि मेंढपाळाचा पाय मांडीत मोडला. त्याची बायको ओरडत होती. भैय्यासाहेब उतरले आणि गाडीला कुठे लागलंय ते बघू लागले. मीही उतरलो आणि गाडीच बघू लागलो.

टायर तपासायला पोलिसांनी मामांना बोलावलं. खिळ्याने टायर फुटला असं सांगा, हा चेअरमनचा निरोप मीच घेऊन गेलो.

"फुटला का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मंग फुटला असं मी कावून सांगू?"

मामांनी जबाब दिला: टायर शाबूत आहेत, ओल्या रस्त्याला नालायक आहेत आणि हे मी मालकाला आधीच सांगितलं होतं. माझ्या जबाबात मी लिहून दिलं की मला डुलकी लागली होती.

महिन्याभरात कारखान्याने मामांकडची खरेदी बंद केली. त्या पत्रावर सही माझी होती. दुकानाची जागा चेअरमनच्याच ताब्यातल्या सोसायटीची. तीही रिकामी करायला लावली. मामा गेवराईला मेहुण्याकडे निघाले, तेव्हा सामान टेम्पोत चढवू लागावं म्हणून मी गेलो.

"हात लावू नका," मामा म्हणाले. "भैय्याला अक्कल न्हाई, म्हणून त्यानं ते टायर घातले. तुमी तर माझ्याच बाकड्यावर बसून शिकलात."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन खरा जबाब दिला. भैय्यासाहेबांवर खटला उभा राहिला, माझी नोकरी गेली. मग मामांना सांगायला गेवराई गाठली. शाबासकीची आशा होती, खोटं कशाला बोलू!

मामा चाक खोलत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मेंढरवाल्याला भेटलात का?"

"नाही."

"मंग माझ्याकडं काय आलाव? तिकडं जावा."

मी गेलो नाही. जाऊ, जाऊ म्हणत वर्ष काढलं. मामा वारल्याचं कळलं, त्या दिवशी मात्र निघालो.

केजच्या पुढे माळावर त्या कुटुंबाची पालं होती. मेंढपाळ बाजेवर बसला होता. पाय कायमचा आखूड झाला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तोच त्याची बायको पुढे आली आणि मला निरखून म्हणाली, "त्या दिवशी उतरून गाडी बघत हुते, ते तुमीच का?"

"हो, मीच," मी म्हणालो, आणि बाजेशेजारी खाली बसलो.