महाराष्ट्राची दहा मिनिटं

आमच्या रिहे गावातून कॉलेज गाडीवर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, म्हणून आमची मुलगी तिथं शिकते. बाकीची बरीच पोरं विमानानं येतात.

भातं निघाली की दरवर्षी कॉलेजात सांस्कृतिक दिवस असतो. प्रत्येक राज्याच्या मुलांना स्टेजवर दहा मिनिटं मिळतात. पंजाबची मुलं महिनाभर आधीच भांगड्याला लागली. आसामच्या मुलींनी घरून कपडे मागवले. महाराष्ट्राच्या मुलांनी काहीच केलं नाही. आपण इथलेच, आपल्याला कसली तयारी, असं प्रत्येकाला वाटत होतं. दोन आठवडे उरले तेव्हा कमिटीच्या मीटिंगमध्ये आमच्या मुलीनं हात वर केला. "माझे पप्पा लेझीम शिकवतील. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत तेच पथकाच्या पुढं होते."

हे तिला कुणी सांगितलं? मीच. ती लहान असल्यापासून, प्रत्येक लग्नात, जावळात आणि सत्यनारायणाला. दरवेळी पथक जरा वाढायचं. शेवटी शेवटी तर साठ पोरं माझ्या शिट्टीवर नाचत होती. खरं एवढंच की स्पर्धेला मी गेलो होतो, पण दुसऱ्या टेम्पोतून. पहिल्या टेम्पोत खेळणारे होते, दुसऱ्यात टाळ्या वाजवणारे. मास्तरांनी मला सरावाच्या तिसऱ्या दिवशीच रांगेतून काढलं होतं, कारण शेजारच्याच्या कपाळावर माझ्यामुळं टेंगूळ आलं होतं.

घरात हे फक्त बायकोला ठाऊक होतं. त्याच स्पर्धेत मुलींमध्ये तिच्या शाळेचा पहिला नंबर आला होता आणि पथकाच्या पुढं ती होती. ती हे कुणाला सांगत नाही. आमच्या घरी लेझमीवर बोलायचं काम माझ्याकडं आहे.

"सांगा की पोरीला खरं," ती म्हणाली.

"अगं, तिनं कमिटीत सांगितलंय. सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल ती."

"मग इतकी वर्सं फेकताना कुटं होता ह्यो इचार?"

पण तिनं पदर खोचला. मुलगी कॉलेजला गेली की दुपारी आम्ही घरामागच्या खळ्यावर जायचो. ती माझ्यासमोर उभी राहायची आणि मी तिच्याकडं बघून करायचो.

"अवो, लेझीम हाय ती. भाताचा भारा न्हाई. खांद्यावर काय घेताय?"

चार दिवसांत पाच प्रकार जमले. पाचव्या दिवशी मी कॉलेजच्या मैदानावर होतो.

चोवीस मुलं होती. बरीचशी मारुंजी-हिंजवडीच्या सोसायट्यांमधली, आईवडील नोकरीसाठी विदर्भातून, खानदेशातून आलेले. ती मला सर म्हणाली. मला तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं, बँकेतसुद्धा नाही. एवढ्या जणांच्या तोंडाकडं बघून उभं राहायची हिंमत होईना, म्हणून मी त्यांच्याकडं पाठ केली आणि खळ्यावर केलेलं जसंच्या तसं करत सुटलो. तोंडानं मोठ्यानं आकडे मोजत होतो. मुलं हुशार, पटापट शिकली. आमची मुलगी कडेला उभी राहून माझा व्हिडिओ काढायची आणि मैत्रिणींना सांगायची, "बघ, अजून विसरले नाहीत." त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी शर्ट नीट केला.

कार्यक्रमाच्या दिवशी गावातले हलगीवाले मामा आले. बायको नवी साडी नेसून चौथ्या रांगेत बसली. माझं काम संपलं होतं. स्टेजच्या मागं मुलीनं माझ्या हातात शिट्टी दिली.

"पप्पा, पथकापुढं तुम्हीच उभं राहायचं. आमचं ठरलंय."

तिथंच एकदा करून बघू म्हणून मामांनी हलगीवर थाप टाकली. इतके दिवस मी माझ्या चालीनं आकडे मोजत होतो, हलगीची चाल वेगळी निघाली. ती सातवर पोचली तेव्हा मी तीनवर होतो. मामांनी हात थांबवला.

"गड्या, पोरं बरी हायेत. त्यांच्यात तूच आडवा येतुयास."

मुलीनं माझा दंड धरला. "टेन्शन घेऊ नका. तालुक्याला केलं होतंत ना, तसंच करा."

"तालुक्याला मी काही केलं नव्हतं," मी म्हणालो, आणि चोवीस जणांसमोर सगळं सांगितलं, टेम्पोसकट.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुलीनं एवढंच विचारलं, "मग हे कुठून आणलंत?"

"तुझ्या आईकडून."

ती गेली आणि आईला मनगट धरून घेऊन आली. बायकोनं माझ्या हातातली शिट्टी घेतली, पोरांपुढं त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली आणि फुंकली. तिचा उजवा पाय पुढं गेला, चोवीस जणांचा डावा. तिनं मान वळवून पाहिलं.

"थांबा रं! ही समदी डावखुरी कशी?" मग माझ्याकडं बघून तिला कळलं. समोरासमोर उभं राहून शिकवलेलं मी आरशात दिसतं तसं उचललं होतं आणि पोरांना तसंच दिलं होतं.

बाहेर महाराष्ट्राचं नाव पुकारलं गेलं.

"मी पोरांकडं तोंड करून ऱ्हाते," ती म्हणाली, "म्हंजी जुळतंय समदं."

कमिटीतली एक मुलगी घाबरली. "काकू, पहिल्या रांगेत पाहुणे आहेत. त्यांच्याकडे पाठ होईल."

"हू दे की. पाव्हणं काय लेझीम खेळणार हायेत व्हय?"

दहा मिनिटं ती पाहुण्यांना पाठ दाखवून खेळली. पाहुण्यांना अंबाडा दिसला. मी स्टेजच्या मागच्या बाजूला पडद्याआड होतो, मला चेहरा दिसला. आमच्या लग्नाच्या व्हिडिओतही ती इतकी खूश नाही. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती आईकडं बघत होती, माझ्याशी बोलत नव्हती.

नंतर कॅन्टीनमध्ये मैत्रिणींनी आमच्याभोवती गर्दी केली.

"ही माझी आई," मुलगी म्हणाली. "हे सगळं तिचं आहे."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मैत्रिणींनीही पाहिलं. मी चहात बघत राहिलो.

"आणि हे पप्पा." ती जरा थांबली. "हे आईला घेऊन आले."

मी मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं. गाडी मीच चालवली होती.