दुसऱ्या प्रतीचं पुडिंग

माझा मामा अंडी तपासतो. छंद नाही, नोकरी आहे त्याची. शहराच्या टोकाला अंड्यांचं मोठं गोदाम आहे, तिथे एका काळोख्या खोलीत तो स्टुलावर बसतो. समोर लाकडी पेटी, पेटीत बल्ब, पेटीला अंड्याएवढं भोक. अंडं भोकाशी धरायचं, बोटांनी गिरकी द्यायची, आत पिवळ्याची सावली कशी हलते ते बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "पहिली." किंवा "दुसरी." किंवा "तिसरी." मग जाड पेन्सिलीने अंड्यावर तशी खूण करायची आणि पुढचं उचलायचं. तीस वर्षं हा माणूस दिवसभर तीन शब्द बोलतोय. घरी येऊन चौथा शब्द आठवणार कुठून!

घरात अंडी मात्र फक्त पहिल्या प्रतीची. याबाबतीत मामा भलताच कडक. एकदा आमच्याकडे जेवायला आला होता, आईने समोर ठेवलेलं उकडलेलं अंडं त्याने नुसतं सोलून पाहिलं, "दुसरी" म्हणाला आणि पाणी पिऊन उठला. सख्ख्या बहिणीच्या घरून उपाशी गेला. आई अजून ऐकवते त्याला.

मामीचं बरोबर उलट. मामी शिवणाच्या क्लासात शिकवते, तीस-तीस बायकांना एकदम गप्प करते आणि घरी येऊन बोलायला कुणी नाही म्हणून स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलते. तिचा हात मात्र सोन्याचा. सकाळी मीठ-मिरपूड लावलेलं उकडलेलं अंडं, डब्यात पावात दडपलेलं ऑम्लेट, संध्याकाळी कधी कांदा-टोमॅटोवर फोडलेलं, कधी रश्शात सोडलेलं, कधी उरलेल्या भातात परतलेलं. घरात दुसरं काही नसलं तरी अंडं असतं, आणि अंडं असलं की मामीच्या घरी कुणी उपाशी राहत नाही.

तर झालं काय, की सात महिन्यांपूर्वी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मामीने बारा अंड्यांचं पुडिंग केलं. सकाळपासून खपत होती बिचारी. आम्ही पंधरा जण जमलो होतो. पुडिंग टेबलावर आलं, थरथर हललं, सगळे "वा वा" म्हणाले. आणि या गृहस्थाने खिशातून टॉर्च काढला, काचेच्या भांड्यामागे धरला, भांड्याला हलकेच एक गिरकी दिली आणि म्हणाला, "दुसरी."

पंधरा माणसांदेखत! मी मामीच्या जागी असते तर तेच पुडिंग त्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं. मामीने काही केलं नाही. तिने चमचा खाली ठेवला आणि बोलणं बंद केलं. पाहुण्यांनी कसंबसं चमचा-चमचा खाल्लं, चपला घातल्या, मामी त्यांना पोचवायला खाली गेली. वर आली तर भांडं घासून पालथं घातलेलं. याने पुडिंग टाकून दिलं असं तिने धरलं आणि विषय संपला. म्हणजे बोलणं संपलं, विषय कसला संपतोय!

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे राहायला आले. कवळ्या बनवायचा कोर्स करते मी, कॉलेज त्यांच्या घराजवळ. आले तेव्हा बघते तर दोघांचा संसार अंड्यांवर चाललेला. खरंच अंड्यांवर! ओट्यावर तीस खणांचा ट्रे. पहिली रांग मामीची, दुसरी मामाची, बाकीच्या कोऱ्या अंड्यांच्या रांगा पाहुण्यांच्या, म्हणजे माझ्या. काही सांगायचं असलं की अंड्यावर पेन्सिलीने लिहायचं आणि ज्याला सांगायचं त्याच्या रांगेत ठेवायचं. "नळ गळतोय." "छत्री दुरुस्त केली." "तुमचा भाऊ येतोय, मी घरी नाही." वाचून पटलं तर ते अंडं फोडून खायचं. पटलं नाही तर निमुळतं टोक वर करून परत ठेवायचं. गोदामात अंडं नेहमी निमुळतं टोक खाली करून ठेवतात, त्यामुळे उलटं ठेवलेलं अंडं म्हणजे मामाच्या धंद्यात शिवीच समजा.

भांडण जोरात असलं की दिवसाला सात-आठ निरोप व्हायचे, आणि तितकीच अंडी पोटात जायची. परिणाम काय? मामाचे गुडघे दुखायचे थांबले. मामीचे केस चमकायला लागले. वार्षिक तपासणीत डॉक्टर रिपोर्ट बघून खूश. "उत्तम! घरी काय चालू केलंय?"

"भांडण," मामी म्हणाली.

"चालू ठेवा," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले.

मी दोघांनाही समजावून पाहिलं. मामा म्हणे, "हं." मामी म्हणे, "तू यात पडू नकोस, तू कवळ्या कर." मरा तिकडे, म्हटलं, मला काय करायचंय.

पण गेल्या सोमवारी मामाच्या रांगेत एक अंडं आलं. मामीने बारीक, सुईने टाके घालावेत तशा अक्षरात सगळ्या बाजूंनी लिहिलं होतं. "रविवारी दहाच्या बसने ताईकडे जातेय. कायमची. तिथे क्लास काढणार. त्या पुडिंगबद्दल काही म्हणायचं असेल तर रविवार सकाळपर्यंत."

मामाने ते वाचलं. खाल्लं नाही. उलटंही ठेवलं नाही. शर्टाच्या खिशात घातलं आणि कामाला गेला. संध्याकाळी ते खिशातच. मंगळवारी धुतलेला शर्ट घातला, अंडं नव्या खिशात. सहा दिवस तो माणूस छातीवर कच्चं अंडं घेऊन हिंडला, बसमधून गेला, आला, वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. मला बघवेना. मामी कपाट रिकामं करत होती आणि एकेक साडी घडी करताना ट्रेकडे बघत होती. तिला जायचं नव्हतं हो. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण शब्द देऊन बसली होती, तोही अंड्यावर.

शनिवारी संध्याकाळी मामा टेबलाशी बसला. पेन्सिल, खोडरबर आणि एक अंडं. लिहायचा, खोडायचा, पुसायचा. अंडं पार काळंकुट्ट झालं, धुतलं, पुसलं, परत लिहायला बसला. मी मनात म्हटलं, लिही बाबा, कायतरी लिही.

आता माझ्या चुकीकडे येते. चूक माझी आहे, पण सगळी माझी नाही, हे आधीच सांगते. मला भूक लागली की मी माणसात नसते. रविवारी सकाळी उठले, चष्मा सापडेना, मामी आंघोळीला, मामा देवळासारखा शांत आपल्या खोलीत बसलेला. ओट्यावर गेले. मामीची रांग रिकामी. मामाची रिकामी. माझ्या रांगेत तीन अंडी. माझ्या! मी तिन्ही फोडली, कांदा-मिरची घातली, मस्त फुगलेलं ऑम्लेट केलं आणि उभ्या उभ्या अर्धं संपवलं. एका घासाला दाताखाली कर्र झालं. टरफल असेल, म्हटलं, आणि गिळलं.

मामी बाहेर आली ती बॅग घेऊनच. सरळ ट्रेपाशी गेली. रिकामा ट्रे तिने बघितला, एकदा, दोनदा. मग वाकून खण न् खण बघितला.

"काहीच नाही लिहिलं," ती म्हणाली. मला नाही, ट्रेला म्हणाली. तिचा आवाज ऐकून माझं रडू फुटायच्या बेतात आलं आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मामी," मी म्हटलं, तोंडात घास तसाच, "मामाने काल लिहिलं होतं. मी पाहिलंय लिहिताना."

"मग कुठंय?"

मी बशीकडे बघितलं. मामीने बशीकडे बघितलं. मग आम्ही दोघी एकदम कचऱ्याच्या डब्यावर तुटून पडलो.

चहाच्या चोथ्यातून टरफलं काढली. तीन अंड्यांचे तुकडे, सगळे एकात एक. पण कवळ्या करणाऱ्या मुलीला तुकडे जुळवायला शिकवायला नको. चष्मा शोधला, चिमटा आणला, दात बसवायचं मेण आणलं, आणि घड्याळात साडेनऊ वाजलेले असताना मी मामाचं मन टरफलांतून जुळवायला बसले. मामी शेजारी उभी, बॅग हातात. एक तुकडा बसला, "ते". खालचा मोठा तुकडा बसला, "प्रतीचं होतं". मध्ये बोटाच्या पेराएवढं भोक.

"ते अमुक प्रतीचं होतं," मामीने वाचलं. "मधला तुकडा कुठंय? पहिल्या का दुसऱ्या?"

मला तो कर्र आठवला. मी पोटावर हात ठेवला. मामीला सगळं कळलं. सात महिने ज्या शब्दाची वाट बघितली, तो शब्द माझ्या पोटात होता, कांदा-मिरचीसकट.

त्याच वेळी मामा दारात आला. टेबलावर मेणात बसवलेलं टरफल बघून हबकलाच.

"तू पाहुण्यांच्या रांगेत का ठेवलंस?" मी ओरडले. चोर तो चोर, वर शिरजोर असं म्हणा हवं तर, पण मी ओरडले. "मामीच्या रांगेत ठेवायला काय झालं होतं?"

त्याने खाली बघितलं. धीर झाला नसणार, दुसरं काय.

"मधला शब्द काय होता?" मामीने विचारलं. सात महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य, थेट त्याला.

मामाने ट्रेकडे बघितलं. रिकामा. मग घाईघाईने खिशातून ते सोमवारचं अंडं काढलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. अंड्यावर मामीच्या अक्षरांशेजारी कुठे जागा सापडते का ते तो फिरवून फिरवून बघायला लागला. मामी बघतच राहिली. खाल्लं नाही, उलटं केलं नाही, खिशात ठेवलं, एवढं तिला त्या क्षणी दिसलं. मग तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, वाटीच्या काठावर आपटलं आणि फोडलं.

"संपली अंडी," ती म्हणाली. "आता तोंडाने बोला."

घड्याळात पावणेदहा.

"दुसऱ्या," मामा म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. गाढव आहे हा, म्हटलं, शंभर टक्के गाढव. खोटं बोलला असता तर काय झिजला असता? मामीने बॅग उचलली.

"दुसऱ्याच प्रतीचं होतं," मामा म्हणाला. आवाज गंजलेला, मध्येच फुटत होता. "उरलेलं सगळं खाल्लं मी. तू पाहुण्यांना सोडायला खाली गेलीस ना, तेव्हा. उभ्याने. भांडं खरवडून खाल्लं. मग घासून ठेवलं." तो थांबला. त्याला दम लागला होता. "जाऊ नकोस."

मामी दारात उभी. दुसऱ्या प्रतीचं अंडं बघून सख्ख्या बहिणीच्या ताटावरून उठलेला हा माणूस. बारा अंड्यांचं पुडिंग, तेही दुसऱ्या प्रतीचं, एकट्याने, उभ्याने.

"हे सगळं त्या एका अंड्यावर लिहिलं होतं?" मी विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. "पहिल्यावर 'ते दुसऱ्या प्रतीचं होतं' एवढंच मावलं. माझं अक्षर मोठं. बाकीचं आज सकाळी उरलेल्या दोन अंड्यांवर लिहिणार होतो."

म्हणजे मी उपाशी बसले असते, चष्मा लावून सज्जनपणे वाचलं असतं आणि मामीला ते एवढंच वाक्य दाखवलं असतं, तर या वेळी मामी बसस्टँडवर असती. मी उरलेलं अर्धं ऑम्लेट गुपचूप पुढे ओढलं आणि खायला लागले. माझा हक्कच होता त्यावर.

"ते खाली लागलं होतं," मामी शेवटी म्हणाली. "मला काय कळत नाही? पण पंधरा माणसांदेखत टॉर्च लावतं का कुणी?"

"नाही लावत," मामा म्हणाला. "चुकलंच माझं."

मामीने बॅग भिंतीशी ठेवली. रिकामी केली नाही हं, फक्त ठेवली. मग ओट्याशी गेली, वाटी उचलली आणि मामासमोर धरली. सहा दिवस त्याच्या छातीवर ऊब खाल्लेलं ते अंडं. पांढरं पाण्यासारखं पसरलेलं, पिवळं चपटं बसलेलं.

"कुठली प्रत?" तिने विचारलं.

मामाने वाटी उजेडाकडे नेली. खिशाकडे हात गेला, पण टॉर्च काढला नाही त्याने. नुसतं वाकून बघितलं. तीस वर्षं खोटं बोलला नव्हता, आज तरी कसा बोलणार.

"तिसरी," तो म्हणाला.

मामीने तवा ठेवला, तेल सोडलं आणि ते अंडं तव्यावर ओतलं. बाहेर दहाची बस आमच्या घरावरून गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. मामा खुर्ची ओढून बसला, ताट पुढे घेतलं आणि पावाने पुसून पुसून सगळं खाल्लं.