घोणशीच्या पोटात

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, बेंबळीला आले तेव्हा वैशाख तापला होता. अंमल निजामाचा. दवाखाना धाराशिवला, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्यामुळं आसपासच्या बाया अडल्या की माझ्या मायलाच बोलावणं यायचं. ती सुईण होती.

एका सकाळी वडील बैलांसाठी कडबा काढायला गंजीकडं गेले आणि ओरडले. पेंढीखाली घोणस होती. एरवी चाहूल लागताच फुत्कारणारी ही जात. पण ही जड होऊन नुसती पडून होती. वडिलांनी काठीनं तिचं डोकं ठेचलं. मी दारातून बघत होते. मेलेल्या घोणशीच्या शेपटाजवळून काहीतरी ओलं बाहेर आलं, वरचा पापुद्रा फाटला आणि वीतभर पिल्लू वळवळायला लागलं.

वडील चटकन मागं सरले. "साप अंडी घालतो म्हणत्यात की! हे जितं कुठनं आलं?"

माय खुरपं घेऊन आली. "सरका तुम्ही. पिल्लाच्या दातात बी इख असतंय." तिनं पोट उभं चिरलं.

आत दोन लांब नळ्या होत्या. उजवी जास्त लांब, पुढं सरकलेली. डावी आखूड, थोडी मागं. दोन्ही दाण्यांनी भरलेल्या शेंगेसारख्या फुगलेल्या. पातळ, आरपार दिसणाऱ्या पिशव्यांत एकेक पिल्लू वेटोळं घालून होतं. काही हलत होती. माय वीसपर्यंत मोजून थांबली.

"बाईला पिशवी एक, हिला दोन," ती म्हणाली. "पौषात तुरीत एक घोणस कुदळीखाली आली होती, तवा बी म्या बघितलं. ह्याच नळ्या सुतळीवानी बारीक होत्या, अन् वरच्या बाजूला पिवळे दाणे, हरभऱ्याएवढे. चार-पाच महिन्यांत बघा काय झालं!"

"पोटुशीला आत न्या गं, असलं बघू नये," शेजारीण ओरडली. मी तिथंच उभी राहून बघत राहिले. वडिलांनी रॉकेल ओतून सगळं जाळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुपारी मी मायला विचारलं, "माझ्या पोटात कसं हाय?"

 चुलीपुढच्या राखेत तिनं बोटानं रेघा ओढल्या. "ही पिशवी. हितं तिचं तोंड. ते उघडतंय, तवा कळा येत्यात, अन् लेकरू खालनं येतंय."

 सतरा वर्षांची, सुईणीची लेक, आणि मूल बेंबीतून येतं असंच मी धरून चालले होते.

"इतक्या दिवसांत सांगितलं का न्हाईस?"

"मला तरी कुणी सांगितलं? पहिल्यांदा दुसरीचं बाळंतपण केलं, तवा आतलं कळलं."

आषाढात मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा आत काय उघडतंय ते मला ठाऊक होतं. तरी गल्ली गोळा होईल एवढी मी ओरडले.