आयता टाइप केलेला अर्ज

शाळेच्या रिक्षाला ट्रकने उडवलं, त्याचा पंचनामा मी केला. तेव्हा मी हवालदार होतो. त्यानंतर झोप उडाली ती उडालीच. मनोविकाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. ठाणं कसब्याजवळ, म्हणून गोळ्या लांब बिबवेवाडीतून आणायचो. बायकोशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

तरीही एका सकाळी ड्यूटीची रायफल मला मिळाली नाही. "वरून निरोप आहे," एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या नावाने आयता टाइप केलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज.

"तब्येतीला जपा. इथे सही करा."

"कोणी सांगितलं, साहेब?"

"वेड्यासारखं विचारू नका," ते म्हणाले आणि मग खाली बघू लागले.

विचार करून सांगतो म्हणालो. त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर कोणी दोघं गप्प झाले, तरी मला माझ्याबद्दलच बोलणं चालू होतं असं वाटायचं. बरोबरचा प्रत्येक जण मी मनात आरोपी केला.

आस्थापना शाखेतल्या कारकून बाईंनी जिन्यात गाठलं. "सही करू नका. अपंगांच्या नव्या कायद्यात मानसिक आजारही येतो. नोकरीत असताना आजार झाला तर काढता येत नाही. झेपेल ते काम आणि तोच पगार द्यावा लागतो."

मला त्यांचाही संशय आला. "तुम्हाला काय मिळणार यात?"

"कटकट," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स हातात ठेवली.

मी सही केली नाही, उलट पर्यायी कामासाठी अर्ज दिला. मेडिकल बोर्डापुढे उभं केलं. "कानात आवाज येतात?" एका डॉक्टरांनी विचारलं. "ठाण्यात बसतो साहेब, येणारच." ते हसले नाहीत.

चार महिन्यांनी आदेश निघाला. पगार तोच, काम नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर. प्लास्टिकखाली झाकलेल्या त्या यंत्राला कोणी हात लावत नव्हतं. मी एका बोटाने हरवलेल्या माणसांची माहिती भरू लागलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावरचा कागद कापायचा चाकू कोणीतरी उचलून नेला. विचारलं, तर सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

वर्षभराने बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "साहेबांना मीच सांगितलं होतं. तुमच्या हातात रायफल नको वाटत होती. ते नोकरीवर उठतील असं वाटलं नव्हतं, अहो."

पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिचं चुकलं नव्हतं, हे कळायला आणखी बराच काळ गेला. तरी अजूनही ती फोनवर हळू आवाजात बोलू लागली, की मी टीव्हीचा आवाज कमी करतो.